मे महिन्यातलं मिनेसोटा: वॉलआय, बास आणि पाण्याचं तापमान

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिनिआपोलिसला येऊन पहिला हिवाळा काढलात, मासेमारीचा ओपनर, म्हणजे हंगामाचा पहिला दिवस, तोंडावर आलाय, बोट नाही, काठावरूनच गरवायचंय, सोबत आठ वर्षांची मुलगी असणार. वॉलआय आणि बास हे गोड्या पाण्यातले दोन्ही मासे मिळतील का, कुठे मिळतील आणि दुकानातून काय आणायचं?

दोन्ही मिळतील, एकाच दिवसात मिळतील. पण महागडी काठी बघायच्या आधी एक साधा थर्मामीटर घ्या आणि त्याला दहा-बारा फूट दोरी बांधा. मला इथे सतरा वर्षं झाली. त्यातले पहिले तीन ओपनर कोरडे गेले, कारण मी तारीख बघून जात होतो आणि पाण्यात हातसुद्धा घालून बघत नव्हतो.

ओपनर ठरतो कायद्याने. मेमोरियल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार) सुट्टीतल्या शनिवारच्या बरोबर दोन आठवडे आधीचा शनिवार, म्हणजे ९ ते १५ मेच्या दरम्यान कुठेतरी. मासा मात्र बर्फ कधी गेला त्यावर चालतो. तुमच्या आसपासच्या तळ्यांवरचा बर्फ बहुतेक वर्षी मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत जातो. कॅनडाच्या सीमेकडे तो एप्रिल संपेपर्यंत, कधी मे उजाडेपर्यंत टिकतो. त्यामुळे एकाच शनिवारी शहराजवळच्या तळ्यात बास घर करायच्या तयारीत असतो आणि चार-पाच तास उत्तरेला वॉलआयची अंडी घालून जेमतेम झालेली असतात. ‘ओपनरला काय चालतं’ या प्रश्नाला राज्यभराचं एक उत्तर नाही ते यामुळे.

वॉलआय अंडी घालतो ४२ ते ५० अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण ६ ते १० सेल्सिअसला. उथळ पाणी, गोटे-खडी असलेला तळ, लाटा लागणारा काठ किंवा तळ्याला येऊन मिळणारा ओढा. हे सगळं रात्री चालतं. मोठी मादी लाखाच्या वर अंडी खडीवर सोडते आणि निघून जाते. राखण कोणीच करत नाही. याच काळात मासे उथळात दाटीने असतात आणि सहज हाती लागतात, म्हणून फेब्रुवारीच्या शेवटापासून ओपनरपर्यंत वॉलआयचा हंगाम बंद असतो.

मी कुडाळकडचा, कर्ली नदीच्या काठचा. मिरगाचा पहिला मोठा पाऊस झाला की व्हाळातून, शेताच्या बांधांवरून मासे वर चढायचे. चढणीचे मासे, गाबोळीने भरलेले. लहानपणी आम्ही कंदील घेऊन जायचो आणि टोपल्या भरून आणायचो. त्या गाबोळीची चव अजून तोंडात आहे. पण आमच्या व्हाळात आता तसे मासे चढत नाहीत, आणि त्यात आमच्या टोपल्यांचाही हात होता असं मला वाटतं. म्हणून इथला बंद हंगाम मला कधी जाचक वाटला नाही. उत्तरेकडच्या रेड लेकमध्ये अतिमासेमारीने वॉलआय इतका संपला की १९९९ मध्ये तिथे त्याची मासेमारी पूर्ण थांबवावी लागली. ती २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली. सात वर्षं हात आवरला तेव्हा तळं भरलं.

आता प्रत्यक्ष गरवण्याकडे. ओपनरला पाणी पन्नाशीच्या आत-बाहेर असेल तर माद्या अंडी घालून पांगलेल्या असतात, पण नर त्या खडीच्या काठाजवळच घुटमळत असतात. चौदा ते सतरा इंचांचे हे नर, ताटात घ्यायला हेच उत्तम. काठावरून गरवणाऱ्याला यासारखा दुसरा काळ नाही. जूनच्या मध्यानंतर ते खोल जातात आणि मग बोटीवाचून जड जातं. त्यामुळे बोट नाही याची हळहळ आत्ता बाळगू नका. शोधायचं काय, तर ओढ्याचं मुख, दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या भागावरचा पूल, रस्त्याच्या भरावाला लावलेले दगड. मिनेटोंका तळं म्हणजे खाड्यांची माळच आहे. त्या खाड्या जोडणाऱ्या वाटांवर पूल आहेत, त्यांपैकी जिथे उभं राहायला परवानगी आहे तिथे पाणी थोडं वाहतं आणि मासा थांबतो. डीएनआरच्या, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या, ‘लेकफाइंडर’ या संकेतस्थळावर बहुतेक तळ्यांचे खोलीचे नकाशे आणि माशांच्या पाहणीचे आकडे फुकट मिळतात. शुक्रवारी रात्री अर्धा तास त्यावर घालवा.

वॉलआयचं नाव त्याच्या डोळ्यावरून पडलंय. डोळ्याच्या पडद्यामागे प्रकाश परत फेकणारा थर असतो, मांजरासारखा. आपल्याकडच्या जिताड्याचे डोळेही रात्री बॅटरीच्या उजेडात असेच चमकतात, ज्यांनी पाहिलेत त्यांना लगेच कळेल. अंधुक उजेडात वॉलआयला दिसतं आणि त्याच्या भक्ष्याला धड दिसत नाही, एवढाच त्याचा फायदा, आणि तो फायदा घेऊनच तो जगतो. म्हणून पहाट, तिन्हीसांजा, ढगाळ दिवस आणि वारा. स्वच्छ ऊन, आरशासारखं पाणी, दुपारचे बारा, अशा वेळी उथळात वॉलआयच्या मागे लागू नका. वारा तोंडावर येतोय अशा काठावर उभे राहा, कितीही गैरसोयीचं वाटलं तरी. लाटा उजेड फोडतात, वरचं कोमट पाणी आणि त्याबरोबर बारीक मासळी त्याच काठाकडे ढकललं जातं. नवीन माणूस नेमका वाऱ्याचा आडोसा बघून बसतो. मीही तेच करत होतो.

गळाला काय लावायचं? पाणी थंड असताना मिनो, म्हणजे जिवंत बारीक मासा. ५० च्या वर सरकलं की जळू, इथे लीच म्हणतात. गांडूळ त्याहून ऊन पाण्यात. मी वर्षानुवर्षं हाच क्रम धरून आहे. पाव औंसाच्या आतलं जिग, म्हणजे डोक्याशी वजन ओतलेली गरी. काठावरून एक अष्टमांश औंस बस. गरी मिनोच्या तोंडातून घालून डोक्यातून वर काढायची, फेकायचं, तळाला टेकू द्यायचं, मग हळू ओढायचं. वीतभर ओढ, थांब, वीतभर ओढ. थंड पाण्यातल्या माशाला पळायची इच्छा नसते, आमिष त्याच्या नाकासमोर रेंगाळलं पाहिजे. गळाला लागताना हिसका क्वचितच बसतो. नुसतं जड झाल्यासारखं वाटतं, ओल्या पाचोळ्यात गरी अडकावी तसं. तेव्हाच मनगट उचलायचं.

वजन शिशाचं नको, टंगस्टनचं किंवा कथिलाचं घ्या. थोडं महाग पडतं. पण इथल्या तळ्यांवर लून नावाचा पाणपक्षी असतो, मिनेसोटाचा राज्यपक्षी. तळाचे खडे गिळताना तो शिशाचे गोळेही गिळतो आणि विषबाधा होऊन मरतो. तिन्हीसांजेला त्याची हाक एकदा ऐकलीत की मी हे इतकं आग्रहाने का सांगतोय ते कळेल.

मुलीसाठी वेगळी व्यवस्था करा. तिला सरकता बॉबर, म्हणजे दोरावरचा तरंगता गोळा, लावून द्या, खाली जळू, तळापासून फूटभर वर. सूर्य मावळताना ते लाल टोक पाण्यावर डुलत असतं आणि हळूच खाली जातं. मुलांना ते बघत बसायला आवडतं. जळूला हात लावायला ती घाबरली तर तुम्हीच लावून द्या, जबरदस्ती नको. पाण्यावर बर्फ नसताना माणशी एकच दोर चालतो हे लक्षात ठेवा, म्हणजे तिचा एक, तुमचा एक. सोळा वर्षांखालच्या इथल्या मुलांना परवाना लागत नाही, तुम्हाला लागेल. ओपनर बऱ्याचदा मदर्स डेला जोडून येतो आणि त्या शनिवार-रविवारी राज्यातल्या आयांना परवान्याशिवाय गरवता येतं. तेव्हा तिच्या आईलाही सोबत घ्या.

आता बास, आणि इथे घड्याळ उलटं फिरतं. वॉलआय पहाटेचा, तर हंगामाच्या सुरुवातीचा बास दुपारचा. उन्हाने पाणी तापलं की तो उथळात येतो. पहाटे साडेपाचला कुडकुडत बासच्या मागे उभं राहण्यात अर्थ नाही. तळ्याच्या उत्तर अंगाच्या खाड्या शोधा, ज्यांवर दक्षिणेचं ऊन दिवसभर पडतं आणि उत्तरेचा गार वारा झाडांनी अडवलेला असतो. तळ काळ्या गाळाचा असेल तर आणखी चांगलं, तो लवकर तापतो. मुख्य तळं ५० अंशांवर असताना अशा खाडीत मी ५८ मोजलेत. गेल्या वर्षीच्या लव्हाळ्याचे वाळके बुंधे, बुडालेलं झाड, अशा जागी लार्जमाउथ, म्हणजे मोठ्या तोंडाचा बास असतो. आमिष जिवंत नको, तो खोल गिळतो आणि सोडताना मरतो. मऊ प्लास्टिकचा चार-पाच इंची किडा घ्या, गरी त्याच्या बरोबर मध्यातून घाला आणि नुसता बुडू द्या. काही करू नका. दोन्ही टोकं थरथरत तो खाली जातो आणि बास तेवढ्यात उचलतो. स्मॉलमाउथ, म्हणजे लहान तोंडाचा बास, वेगळा: त्याला गाळ नको, गोटे आणि खडी लागते, पाणी स्वच्छ लागतं.

त्यामुळे दिवसाची आखणी आपोआप होते: पहाटे वॉलआय, दुपारी डबा खाऊन एक ते चार बास, मध्ये मुलीला झोप, आणि सात वाजता पुन्हा वॉलआय.

मेच्या शेवटी हंगाम उघडेपर्यंत बास घरी न्यायचा नाही, धरून सोडायचा. हा नियम का, ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. पाणी साठीच्या घरात गेलं की नर बास शेपटीने गाळ झाडून ताटाएवढी, कधी परातीएवढी स्वच्छ जागा करतो. मादी अंडी घालून जाते आणि नर आधी अंड्यांवर, मग पिल्लांवर पहारा देतो. तेवढा काळ तो नीट खातही नाही. एका मित्राने अशा घरट्यावरचा नर गळाने काढला. चांगल्या मनाने, फोटोपुरता. मी धक्क्यावरून खाली बघत होतो. मासा पाण्याबाहेर असताना ब्लूगिल नावाच्या छोट्या माशांचा थवा त्या घरट्यावर तुटून पडला. नर परत सोडला तेव्हा तो थेट तिथेच गेला, आणि तिथे जवळजवळ काही उरलं नव्हतं. तेव्हापासून उथळात गोल, फिकट चकती दिसली आणि तिच्यावर मासा स्थिर उभा असला की मी दोर गुंडाळतो. कायद्याने तसं बंधन असो-नसो. मुलीला मात्र ती चकती जरूर दाखवा. पोलराइज्ड चष्म्यातून फार स्पष्ट दिसते.

मिल लॅक्सला जाऊ का, असंही तुम्ही विचारलंय. तळं प्रचंड आहे, सुमारे १,३२,००० एकर, आणि खोली कुठेही ४५ फुटांपलीकडे नाही. समोरचा काठ दिसत नाही, समुद्रावर आल्यासारखं वाटतं. वॉलआयसाठी प्रसिद्ध, स्मॉलमाउथसाठी तर देशभर नाव. पण तिथले नियम राज्याच्या नियमांपेक्षा वेगळे असतात आणि दरवर्षी बदलतात, ते वाचूनच निघा. तिथे वसंतात ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवासी लोकांची जाळी लागतात आणि त्यावरून कडवट बोलणारे तुम्हाला भेटतील. तो त्यांचा १८३७ च्या कराराचा हक्क आहे, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये तो मान्य केलाय. ते त्यांचं पाणी होतं आणि आपण पाहुणे आहोत, असं माझं मत आहे. पहिल्या वर्षी मात्र लहान मुलीला घेऊन दोन तास गाडी हाकण्यापेक्षा घराजवळच्या तळ्याचा धक्काच बरा.

थंड पाण्याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. हवा ७० अंश असली तरी पाणी ५० असतं. माझा पाय एकदा दगडावरून घसरला, छातीपर्यंतच पाण्यात गेलो, पण श्वास असा अडकला की हाक मारता येईना. शेजारच्या माणसाने कॉलर धरून ओढलं. काठावर असलात तरी मुलीच्या अंगात लाइफ जॅकेट राहू द्या. कोणी बोटीत घेतलं तर दहा वर्षांखालच्या मुलांना ते कायद्यानेच घालावं लागतं.

मासा हाताळताना: बासचा खालचा जबडा अंगठ्याने धरता येतो, वॉलआयचा धरू नका, त्याला सुळ्यांसारखे दात असतात. पाठीचे काटेही टोचतात. हात ओले करून धरा. उरलेले मिनो तळ्यात ओतायचे नाहीत, आणि तळ्याचं पाणी बादलीतून घरी न्यायचं नाही. झेब्रा शिंपले असेच एका तळ्यातून दुसऱ्यात गेलेत. मिनो घरी न्यायचे असतील तर नळाचं किंवा विहिरीचं पाणी आधीच सोबत न्या आणि तिथेच बदला.

आणि खाणं. पंधरा-सोळा इंची वॉलआय ठेवा, वीस इंचांवरची मादी सोडा: ती अंडी घालणारी आहे, शिवाय मोठ्या माशात पारा जास्त साठतो, मुलांनी आणि गरोदर बायकांनी तो खाऊच नये. लहानही बेतानेच. मांस पांढरं, सुटं, काटे कमी. हळद, मीठ, लाल तिखट आणि आगळ लावून वीस मिनिटं, मग तांदळाचं पीठ आणि रवा मिसळून त्यात घोळवून तव्यावर. तिरफळाच्या आमटीत घालू नका, तो मान बांगड्याचा. याची चव इतकी सौम्य की मसाल्याखाली हरवते.

तुमच्या जवळच्या तळ्याचं नाव कळवा, आणि शुक्रवारी संध्याकाळी दोन ठिकाणी थर्मामीटर टाकून बघा: एकदा वारा लागणाऱ्या काठाला, एकदा उत्तरेच्या खाडीत. दोन्ही आकडे इथे लिहा. मग शनिवारी पहाटे नेमकं कुठे उभं राहायचं ते सांगतो.