मेडिकल परत मिळालं, आता गृहकर्ज फेडून टाकू का?

कॅप्टन, पत्र वाचून आधी बरं वाटलं. वय ४६, हृदयाच्या धमनीत स्टेंट, ७ महिने जमिनीवर आणि आता क्लास १ मेडिकल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाला उडण्यासाठी लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र, पुन्हा हातात. शिल्लक १४ महिन्यांच्या घरखर्चाएवढी आहे. त्यातली १० महिन्यांची रक्कम भरली की गृहकर्ज संपतं. ‘एकदाचं डोक्यावरचं ओझं उतरेल,’ असं तुम्ही लिहिलंय.

माझं उत्तर : आत्ता नको.

व्याजाचा हिशेब तुमच्या बाजूनं आहे, तो मी मोडत नाही. मला खुपतोय तो मेडिकलचा कागद. दोन वैमानिकांच्या विमानावर तुमच्या वयात ते एरवी १२ महिने चालतं. तुम्हाला ६ महिन्यांचंच दिलंय, आणि शेजारी दुसरा पात्र वैमानिक असेल तरच उडायचं, ही अट वर. म्हणजे दर सहा महिन्यांनी हृदयाची स्ट्रेस टेस्ट तुमचा पगार ठरवणार. हप्ता गेला की उरलेले ४ महिने ताणून ६ होतील, हे खरं. पण सातव्या महिन्यात पुन्हा थांबावं लागलं, तर फेडलेला पैसा परत मागता येत नाही, आणि पगार बंद असलेल्या माणसाला नवं कर्ज कोण देतं?

शिवाय मेडिकल मिळालं म्हणजे पगार सुरू झाला असं नाही. ९० दिवसांत ३ टेकऑफ-लँडिंगची अट केव्हाच मोडली आहे. आता आधी सिम्युलेटरवर सराव, चाचणी (‘चेक’), मग देखरेखीखालची उड्डाणं. उडता येत नसताना पैसे देणाऱ्या ‘लॉस ऑफ लायसन्स’ विम्याची मासिक भरपाई मात्र तुम्ही ‘फिट’ ठरलात की थांबते. मधला काळ शिल्लकीतूनच काढायचा आहे.

त्याच लॉस ऑफ लायसन्स पॉलिसीचं नूतनीकरणही जवळ आलंय. त्यात हृदयविकार वगळला गेला, तर त्या कारणापुरती तुमची शिल्लक हाच तुमचा विमा.

तेव्हा १२ महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, मोडायला सोप्या ठेवीत. वरचे २ महिने कर्जात भरा आणि बँकेला मुदत नव्हे, हप्ता कमी करायला सांगा. एरवी मी नेमकं उलटं सांगतो; तुम्हाला मात्र दरमहा मोकळीक हवी आहे. मेडिकलची दोन नूतनीकरणं सुरळीत झाली की उरलेल्या कर्जाचं बघू.

पत्राच्या शेवटी चार्टर कंपनीच्या जास्त पगाराचा ओझरता उल्लेख आहे. तिथली विमानं एकच वैमानिक उडवत असेल, तर तुमच्या अटीत ती नोकरी बसतच नाही. बसत असली, तरी तिथल्या नव्या सामूहिक विम्यात तुमचा स्टेंट ‘आधीचा आजार’ ठरू शकतो. होकार देण्याआधी त्यांच्याकडून हे लेखी मागा.

आणि नूतनीकरणाचे कागद आले की त्यातलं वगळलेल्या आजारांचं पान मला पाठवा. १२ महिने पुरेत की १८ लागतील, हे त्यावर ठरेल.