फोर्लीहून परतताना तू विचारलंस ते

ओवीबाळ,

फोर्लीच्या भारतीय सैनिकांच्या स्मशानभूमीतून परत येताना गाडीत तू विचारलंस, "आई, यांचं इटलीशी काय भांडण होतं? पैशासाठीच आले ना?" आणि मग वर्गातल्या कुणीतरी वापरलेला शब्द तूही वापरलास, मेर्चेनारी. बोलोन्या येईपर्यंत मी गप्प होते. तुला वाटलं, आई रागावली. रागावले नव्हते गं. मराठीत तो शब्द 'भाडोत्री' होतो, आणि तो मनात आला तो थेट माझ्या वडिलांवर, आबांवरच जाऊन बसला. म्हणून लिहितेय. बोलताना माझा आवाज चढतो.

इटलीशी त्यांचं काहीच भांडण नव्हतं. माझे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा, पलटणीत गेले तेव्हा इटली कुठे आहे हे आपल्या खटाव तालुक्यात कुणाला ठाऊक? राज्य इंग्रजांचं, लढाई इंग्रजांची. त्या दुसऱ्या महायुद्धात भारतातून 25 लाख माणसं स्वखुशीने भरती झाली म्हणतात. 'स्वखुशीने'पाशी मी अडते. लागोपाठ दोन वर्षं पाऊस हुलकावणी देतो, तेव्हा कुणब्याच्या घरात खुशी किती शिल्लक राहते?

आबांचं तर मला नीटच माहीत आहे. 1972 चा दुष्काळ. आबा एकोणीस वर्षांचे, दुष्काळी कामावर खडी फोडत होते. तिथे मिळणारी सुकडी त्यांची आई, आमची बय, घरी आणून सगळ्यांत वाटायची. एक दिवस चार पोरं भरतीला निघाली, त्यांत आबाही. छाती मोजली, पळवलं, दोघं परत आले, दोघं राहिले. देश वगैरे त्या दिवशी कुणाच्या तोंडी नव्हतं. तेव्हा पैशासाठी का, तर हो. ते मी लपवत नाही.

पण तेवढंच म्हटलं की मला माझे वडील सापडत नाहीत.

मी लहान असताना आबा घरात नसायचेच. घरात यायची त्यांची मनीऑर्डर. पोस्टमन सायकल टेकवायचा, बय हात पुसत बाहेर यायची, अंगठा उठवायची आणि शाई केसांना पुसायची. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी लिहिता यायच्या. बयला वाचता येत नव्हतं, मी दुसरीत गेले तशी ते काम माझ्याकडे आलं. "मी खुशाल आहे. तांबड्या बैलाला पेंड घ्या. पोरीची शाळा बुडवू नका." बय ते तुकडे तारेत ओवून चुलीमागच्या भिंतीला अडकवायची. धुराने काळे पडले तरी तिने एक काढू दिला नाही.

आबा सुट्टीवर यायचे तेव्हा रहिमतपूर स्टेशनापासून एसटीने. एसटीच्या टपावर काळी लोखंडी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. ती उतरवायला सहा पोरं धावायची. पारावरची म्हातारी माणसं सरकून आबांना जागा द्यायची. खडी फोडणाऱ्या पोराला कुणी सरकून जागा दिली नसती, ओवी. माणूस पगारासाठी जात असेल, पण ह्या जागेसाठीही जातो असं मला वाटतं. आमच्याकडे पोरगा वयात आला की "भरतीला कधी?" असं सहज विचारायचे, इकडे 'कुठल्या कॉलेजात?' विचारतात तसंच. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचे 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या गावाला मिलिटरी अपशिंगे म्हणतात, आणि तिथली पोरं आजही जातात.

ट्रंकेचं अजून एक सांगायचंय. पलीकडच्या आळीतल्या शांताकाकूंकडे एकदा नुसतीच ट्रंक आली. तेव्हा गेलेल्या जवानाला घरी आणत नसत बहुतेक. काकूंनी ती उघडली, वरच घडी घातलेला स्वेटर होता, तो त्यांनीच विणलेला. सगळं गाव अंगणात उभं होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्या रात्री बयने आबांना पत्र लिहायला सांगितलं, "पेन्शन बसली की लगेच ये." मी लिहिलं. ते आले 1989 ला, पण मधली वर्षं ती माऊली कशी झोपली असेल, हे तू झाल्यावरच मला कळलं.

म्हणून मला छाती फुगवून उत्तर देता येत नाही. माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे इथेच, टायबरच्या खोऱ्यात, 10 जुलै 1944 ला गेले. बरोबरचे सगळे पडल्यावर एकटे मशीनगनवर धावून गेले. वय 22. मोन्तोने गावात त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं आहे. पगारासाठी कुणी असं करत नाही, असं मला म्हणावंसं वाटतं. पण त्यांच्या आईसमोर मला हे वाक्य उच्चारता आलं नसतं.

आणि दत्तूमामाचा सोनू बघ. पहाटे चारला उठून कालव्याच्या रस्त्याने पळतो. 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत. आता अग्निवीर, चार वर्षांची नोकरी, त्यातले चारात एक पुढे ठेवणार. मी फोनवर म्हटलं, "अरे, बीएस्सी कर." तो म्हणाला, "आत्या, आबांच्या ट्रंकेवर माझं नाव घालायचंय." मला पुढे बोलवेना. त्याला अडवावं की ओवाळावं, खरंच कळत नाही.

तू सैन्यात जा किंवा सैन्य मान, असं यातलं काहीच म्हणत नाहीये. तुझ्या वर्गातल्या मुलालाही काही सांगायला नको.

रविवारी आबांचा फोन येईल. हा प्रश्न त्यांनाच विचार, त्यांना आवडेल. तो शब्द वापरायचा की नाही, ते तू ठरव. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, जे विचारशील ते मोठ्याने विचारावं लागेल.

तुझी
आई