आर्माडिलोचे बीळ बुजवण्याची घाई करू नका

टेक्सासमधल्या आपल्या गावाबाहेरच्या घराभोवती रोज सकाळी हिरवळीत वाटीएवढे खड्डे दिसतात, मागच्या पायरीखाली बहुधा आर्माडिलोचे (अंगावर कवच असलेला, किडे-अळ्या खाण्यासाठी जमीन उकरणारा अमेरिकेतला प्राणी) बीळ झाले आहे आणि येत्या शनिवारी ते दगडमातीने बुजवण्याचा आपला विचार आहे, हे वाचले आणि सहा वर्षांपूर्वीचे माझे अंगण डोळ्यांसमोर उभे राहिले. ते बीळ या शनिवारी बुजवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मी नेमके तेच केले होते. आमच्याकडे बीळ एसीच्या बाहेरच्या यंत्राखालील काँक्रीटच्या चौथऱ्याला लागून होते. एप्रिलमधल्या एका दुपारी मी त्यात मोठे दगड ठासले आणि वर सिमेंट ओतले. प्राणी आत आहे की नाही, हे मात्र पाहिले नाही. तो आतच होता. हा प्राणी उन्हाळ्याच्या दिवसांत बहुधा रात्री बाहेर पडतो आणि दिवसा बिळात झोपतो, एवढी साधी गोष्ट मी विचारात घेतली नव्हती. त्याने चौथऱ्याच्या दुसऱ्या अंगाने वाट काढली आणि चार दिवसांत एक कोपरा चार बोटे खचला, यंत्र कलले आणि तांब्याची नळी वाकून वायू गळू लागला. त्या दुरुस्तीच्या खर्चात उत्तम कुंपण झाले असते. शिवाय वसंत ऋतूत बिळात पिल्ले असू शकतात (या जातीत एका वेळी बहुधा चार आणि चारही अगदी एकसारखी), हे नंतर कळले, तेव्हा मला फार वाईट वाटले.

म्हणून बिळाच्या तोंडात वर्तमानपत्राचे बोळे सैलसर भरून ठेवा. ते चार-पाच दिवस जागचे हलले नाहीत, तरच बीळ रिकामे समजून बुजवा.

त्या काळात मी एका स्थानिक कार्यालयाला फोन केला होता. आम्ही फक्त कुत्री-मांजरे पाहतो, असे सांगून त्यांनी दुसरा क्रमांक दिला आणि त्या क्रमांकावरून मला पुन्हा पहिल्याच कार्यालयाकडे पाठवण्यात आले. यात अकरा दिवस गेले. पकडलेला प्राणी सोडायचा कुठे, या एका प्रश्नाला कोणीही उत्तर दिले नाही, याचा राग मला आजही आहे. मी कायद्याचा जाणकार नाही आणि नियम राज्यागणिक बदलतात, तेव्हा सापळा लावण्याआधी राज्याच्या वन्यजीव खात्याकडून लेखी उत्तर घ्यावे.

सापळ्यात केळे किंवा मांजराचे खाद्य ठेवू नका. माझ्या सापळ्यात त्यामुळे सलग तीन रात्री ओपॉसम (मांजराएवढा, पोटावरच्या पिशवीत पिल्ले वाढवणारा तिथला प्राणी) आले. आर्माडिलोला फार कमी दिसते आणि तो भिंतीच्या कडेकडेने चालतो, म्हणून सापळा त्याच्या वाटेवर ठेवून तोंडाशी दोन्ही बाजूंना सहा-सहा फुटी फळ्या नरसाळ्यासारख्या उभ्या कराव्यात. डांबराच्या गोळ्या आणि मिरचीपूड यांचा मला काडीचाही उपयोग झाला नाही, आणि डांबराच्या गोळ्या अशा उघड्यावर टाकणे नियमबाह्यही आहे. हुमणी मारण्याचे औषध टाकूनही खणणे थांबेलच असे नाही, कारण हुमणी संपली तरी गांडुळे, मुंग्या आणि भुंगे जमिनीत असतातच. त्यापेक्षा संध्याकाळचे पाणी कमी करून पाहा; ओल्या, भुसभुशीत मातीत तो आधी नाक खुपसतो.

गावी आईला आर्माडिलोचा फोटो पाठवला, तेव्हा तिला ते खवले मांजरच वाटले. या दोघांचे नाते नाही. आर्माडिलोच्या पाठीवर खवले नसून हाडांच्या तकटांचे कवच असते. दक्षिणेकडील राज्यांतल्या काही आर्माडिलोंमध्ये कुष्ठरोगाचे जंतू आढळले आहेत. धोका कमी असला तरी त्याला उघड्या हाताने शिवू नये आणि मुलांना बिळाशी खेळू देऊ नये.

आपल्या पायरीखालच्या बिळाचे तोंड मोजून कळवा. ते सात-आठ इंच रुंद असेल, तर बहुधा आर्माडिलोच आहे. ते घराच्या पायाकडे वळले आहे की अंगणाकडे, हेही विजेरीच्या उजेडात पाहून लिहा, म्हणजे कुंपणाची जाळी कुठून पुरायला घ्यावी ते सांगता येईल.