खाडाखोड

ताई,
मी 29 वर्षांचा, पिंपरीत नोकरी करतो. आमचा घरचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, 31 जणांचा. गेल्या महिन्यात धाकट्या काकांनी एक फॉरवर्ड टाकला: इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचं जगप्रसिद्ध ग्रंथालय खलिफा उमरच्या हुकमावरून जाळलं, आणि तिथल्या पुस्तकांवर चार हजार हमामखान्यांचं पाणी सहा महिने तापत होतं. मी लगेच लिहिलं की हे धादांत खोटं आहे; ते ग्रंथालय 391 साली ख्रिस्ती जमावाने जाळलं आणि तिथली शेवटची ग्रंथपाल हायपेशिया त्याच आगीत मारली गेली. काकांनी त्याला रिप्लाय केला, 'पुरावा दे'. तिथून गाडी धर्मावर गेली, मग रशियावर, मग 'तुम्ही डावे' आणि शेवटी माझ्या पगारावर. मधे कधीतरी मला दिसलं की हायपेशियाचं साल वेगळंच आहे, म्हणून तो एक मेसेज मी डिलीट केला, ते असो. मग काका 'खाडाखोड करणाऱ्याशी मी बोलत नाही' असं काहीतरी असंबद्ध लिहून गप्प झाले. आता यंदा गणपतीला साताऱ्याच्या घरी येणार नाही म्हणतात. मखर दरवर्षी तेच बांधतात. ज्या माणसाने 33 वर्षं सहकारी बँकेत हिशेब लिहिले, त्याला इतिहासावरून एवढा राग का यावा? मी धर्मांधतेपुढे मान तुकवायची, की नातं टिकवायला तोंड बंद ठेवायचं?
— एक पुतण्या

अरे पुतण्या,

'ते असो' म्हणून तू जे बाजूला सारलंस, तिथेच तुझं सगळं अडलंय. काकांचं शेवटचं वाक्य तुला असंबद्ध वाटलं. अख्ख्या भांडणात तेवढंच एक वाक्य मुद्द्याला धरून होतं.

सगळ्यांसाठी डिलीट केलेला मेसेज ग्रुपवरून नाहीसा होत नाही. मेसेज डिलीट झाल्याची राखाडी ओळ त्या जागी राहते, तीही तुझ्या नावानिशी. त्याला कोणी आधीच रिप्लाय केला असेल, तर त्या रिप्लायच्या माथ्यावर तुझ्या मूळ मजकुराच्या सुरुवातीच्या ओळी तशाच चिकटलेल्या असतात. म्हणजे काकांच्या 'पुरावा दे' वर तुझं वाक्य अजून आहे, आणि वर तुझ्या नावाखाली ती रिकामी जागा. 31 माणसांनी दोन्ही पाहिलं. एकानेच ते वाचलं, कारण वाचायची सवय त्या एकालाच होती.

काका 33 वर्षं खतावणी लिहीत होते. वहीत आकडा चुकला तर तो खरवडायचा नाही, पांढरं फासायचं नाही, 3 चा 8 गिरवायचा नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी छोटी सही. आकडा चुकला म्हणून कोणी कारकुनाला बोलावून घेत नाही. खाडाखोड दिसली की बोलावतात, आणि मग आधीची पानंही उलटून पाहतात. काकांनी तुझ्या बाबतीत हेच केलं. त्यांना राग आलाय तो इतिहासाचा नाही.

आता तुझा मेसेज तपासू. 'साल वेगळं निघालं' एवढ्यावर ते भागत नाही.

391 च्या सुमारास अलेक्झांड्रियात पाडलं गेलं ते सेरापियम, म्हणजे सेरापिस देवाचं मंदिर. बिशप थिओफिलस त्यामागे होता. मुख्य ग्रंथालय होतं राजवाड्याच्या भागात. सेरापियममध्ये त्याची धाकटी शाखा होती. तू दोन इमारतींची एक केलीस. हायपेशिया गणिती आणि तत्त्वज्ञ होती, गणिती थिऑनची मुलगी. ती ग्रंथपाल असल्याचं कुठल्याही जुन्या साधनात नाही. जमावाने तिला गाडीतून ओढून चर्चमध्ये नेलं आणि ठार मारलं, ते 415 साली. 415 वजा 391, म्हणजे 24 वर्षं. ज्या आगीत तू तिला जाळलंस, ती आग त्या दिवशी लागलीच नव्हती. तिच्या खुनाबद्दल सर्वांत स्पष्ट कोणी लिहिलं असेल तर चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या सॉक्रेटिस स्कोलास्टिकसने. तो स्वतः ख्रिस्ती होता, आणि या कृत्याने अलेक्झांड्रियाच्या चर्चला काळिमा लागला असं त्याने म्हटलंय. 'ख्रिस्ती जमाव' या दोन शब्दांत तू त्यालाही कोंबलंस.

मंदिर पाडल्याची जी वर्णनं आहेत त्यांत मूर्ती फोडल्याचं आहे, भिंती पाडल्याचं आहे, पुस्तकं जाळल्याचं नाही. त्याच काळातला रोमन इतिहासकार अम्मियानुस तर सेरापियममधल्या पुस्तकांबद्दल भूतकाळातच बोलतो. तुझ्या बाजूने नीट उभा राहील असा एकच साक्षीदार आहे, ओरोसियस. तोही ख्रिस्ती. देवळांमधली पुस्तकांची रिकामी कपाटं आपण पाहिली आणि ती आपल्याच माणसांनी रिकामी केली, असं तो 417 च्या सुमारास लिहून ठेवतो. तो तुला सापडला असता तर तुझं म्हणणं सौम्य झालं असतं आणि टिकलंही असतं. पण तुला घाई होती. फॉरवर्ड वाचून उत्तर टाकेपर्यंत किती मिनिटं गेली ते ग्रुपवर जाऊन बघ, मेसेजखाली वेळ असते.

आणि मला खरी चिडचिड होते ती पुढच्या गोष्टीवर. काकांचा दावा तुझ्यापेक्षा कितीतरी लंगडा होता. उमरचा सेनापती अम्र इब्न अल-आस याच्या फौजेने अलेक्झांड्रिया घेतलं ते 642 च्या सुमारास. ग्रंथालय जाळल्याची गोष्ट प्रथम दिसते ती 1200 च्या आसपास, अब्द अल-लतीफ अल-बगदादीच्या लिखाणात, तीही ओझरती. मग इब्न अल-किफ्ती ती सविस्तर सांगतो आणि त्याच्यामागून बार हेब्रियस. वजाबाकी कर: साडेपाचशे वर्षं. म्हणजे 1674 च्या राज्याभिषेकातला एखादा प्रसंग कोणीच कुठे लिहिला नाही आणि तो पहिल्यांदा 2224 मध्ये कागदावर आला, असं समज. त्या स्वारीबद्दल त्याच शतकात लिहिणारा इजिप्तमधल्या निकिउचा बिशप योहान अरबांवर मुळीच खूश नाही, पण ग्रंथालयाबद्दल तो अवाक्षर काढत नाही. गोष्टीत पुस्तकं वाचवायला अम्रकडे जो विद्वान विनवणी करतो, तो व्याकरणकार योहान 570 च्या सुमारासच वारला होता. मेलेल्या माणसाने सत्तर वर्षांनी रदबदली केली, असं ती गोष्ट सांगते.

काकांना ही वजाबाकी समजली नसती असं वाटतं तुला? ज्या माणसाचं आयुष्य दोन रकाने जुळवण्यात गेलं त्याला? घटना कधीची, पहिल्यांदा लिहिली कोणी आणि कधी, दोन सालांत फरक किती, हे तू शांतपणे मांडलं असतंस तर सगळ्यात आधी तेच खाली वाकून बघायला लागले असते. पण ज्याच्या स्वतःच्या पानावर खाडाखोड आहे, त्याने दुसऱ्याची बेरीज तपासली तर कोण ऐकणार?

तुम्हा दोघांनाही आग लावणारा हवा होता, आणि तो दुसऱ्या गोटातला हवा होता. त्यांनी त्यांच्या नावडत्या धर्मातला शोधला, तू काकांच्या तोंडावर मारता येईल असा शोधलास. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाला मात्र एक रात्र आणि एक गुन्हेगार मिळत नाही. इसवी सनापूर्वी 145 मध्ये इजिप्तचा राजा आठवा टॉलेमी याने विद्वानांना शहराबाहेर घालवलं. इसवी सनापूर्वी 48 मध्ये सीझरने बंदरातली जहाजं पेटवली आणि आग काठावर पसरली. त्यात पुस्तकांच्या चाळीस हजार गुंडाळ्या गेल्या असं रोमन तत्त्वज्ञ सेनेका सांगतो. 272 च्या सुमारास रोमन सम्राट ऑरेलियनच्या लढाईत राजवाड्याचा भागच उद्ध्वस्त झाला. आणि या तारखांच्या मधली जी शेकडो वर्षं, ज्यांच्यावर फॉरवर्ड होत नाही, त्यांत पपायरस झिजत गेला, त्याला कसर लागली. त्या गुंडाळ्यांची पुन्हा पुन्हा नक्कल करावी लागते, नक्कल करणाऱ्याला पगार लागतो, आणि पगार देणारा दरबार उरला नाही. पुस्तकं बहुतेक अशीच मरतात. मला या सगळ्यात सर्वांत जास्त हेच लागतं, आणि तुमच्या दोनशे मेसेजमध्ये त्या पुस्तकांबद्दल एक ओळही नसेल.

असो. तू विचारलंस मान तुकवायची की तोंड बंद ठेवायचं. दोन्ही नको. ग्रुपवर दुरुस्ती लिही. आज.

ग्रुप उघड, वरच्या शोधात 'पुरावा' टाक, काकांचा तो मेसेज सापडेल. त्यालाच उजवीकडे सरकवून रिप्लाय कर, म्हणजे त्यांचा प्रश्न आणि तुझी दुरुस्ती एकाखाली एक दिसतील, आणि त्या प्रश्नावर बोट टेकवलं की तुझं जुनं वाक्यही समोर येईल. रेघ, बरोबर आकडा, सही. मजकूर असा:

'काका, मी लिहिलं होतं की अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय 391 साली जाळलं आणि तिथली ग्रंथपाल हायपेशिया त्याच आगीत मारली गेली. ते चूक होतं. 391 च्या सुमारास पाडलं गेलं ते सेरापियमचं मंदिर. हायपेशियाचा खून 415 चा, आणि ती ग्रंथपाल असल्याचा पुरावा नाही. चूक कळल्यावर मी मेसेज डिलीट केला आणि कोणाला सांगितलं नाही. ती खाडाखोडच होती.'

बस. यात भर घालायची नाही. तुझा हात 'पण' लिहायला शिवशिवेल: 'पण तुमचंही म्हणणं…' तो 'पण' आला की वरची सगळी ओळ वाया जाते, कारण वाचणारा 'पण'च्या पुढचंच वाचतो. हात जोडलेलं चित्र टाकू नकोस, ती माफी फुकटची वाटते. लिंक देऊ नकोस, लिंक दिलीस की पुन्हा वाद झाला. आवाजी मेसेज नको, तो शोधता येत नाही आणि लिहिलेल्याची जबाबदारी बोलण्याने फिटत नाही. काकांना वेगळ्याने पाठवलंस तर चालणार नाही. चूक 31 जणांदेखत झाली, दुरुस्तीही तिथेच हवी. आणि 'माझ्या बोलण्याने कोणी दुखावलं असेल तर' हे तर मुळीच नको. कोणाच्या दुखावण्याबद्दल आपण बोलतच नाही आहोत.

पगाराचं काकांनी काढलं, ते त्यांनी निस्तरावं. त्यासाठी तुझी दुरुस्ती अडवून धरू नकोस.

उमरच्या गोष्टीचं काय, असं विचारशील. ती खोटी आहे आणि ती एका धर्माच्या माथी मारून रोज हजारो फोनवर फिरते, म्हणून ती खोडायलाच हवी. पण या मेसेजमध्ये नाही, आणि गणपतीच्या आधी नाही. नंतर साताऱ्यातच, समोरासमोर, कागद घेऊन बस. एका बाजूला 642, दुसऱ्या बाजूला 1200 लिही आणि पेन काकांच्या हातात दे. वजाबाकी त्यांना करू दे.

मेसेज गेला की फोन खाली ठेव. दोन निळ्या खुणा येतील आणि पुढे काहीच येणार नाही, असं दोन दिवस चालू शकतं. आत्या अंगठा दाखवेल, एखादा चुलतभाऊ खोचक काहीतरी लिहील. उत्तर देऊ नकोस. तिसऱ्या दिवशी काकांना फोन कर, आणि अलेक्झांड्रियाचं नावही काढू नकोस. मखराच्या कामट्या माळ्यावर आहेत की यंदा नवीन आणायच्या, आणि नवीन आणायच्या तर किती, एवढं विचार.