मोझिलाच्या कामाला मराठीतून हातभार लावायचा असेल, तर सुरुवात नेमकी कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की इंटरनेट मूठभर कंपन्यांच्या हाती जाऊ नये म्हणून काम करणाऱ्या मोझिलासारख्या जागतिक संस्थेत सहभागी कसं व्हायचं. प्रोग्रॅमिंग येत नाही, आठवड्याला दोनेक तास निघतात, आणि जमलं तर त्यातून मराठीचंही काही भलं व्हावं, अशी तुमची इच्छा आहे. दोन तास पुरेसे आहेत आणि प्रोग्रॅमिंगवाचून काही अडत नाही. फक्त एक विनंती आहे. बहुतेक जण आल्याआल्या नवीन काहीतरी भरायला लागतात, तसं करू नका. आधी दुसऱ्यांनी केलेलं तपासायला बसा. का, ते पुढे सांगतो.

संस्थेची रचना थोडक्यात. १९९८ मध्ये नेटस्केप या कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, सगळ्यांसाठी खुला केला, त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला. मोझिला फाउंडेशन ही ना-नफा संस्था २००३ ची. फायरफॉक्स हा ब्राउझर बनवणारी मोझिला कॉर्पोरेशन २००५ मध्ये निघाली आणि ती पूर्णपणे फाउंडेशनच्या मालकीची आहे. हे माहीत असावं, कारण तुम्ही देणगी दिलीत तर ती फाउंडेशनच्या कामांना जाते. फायरफॉक्सचा खर्च चालतो तो मुख्यतः सर्च इंजिनांशी केलेल्या करारांतून. म्हणजे फायरफॉक्स मराठीत चांगला चालावा असं वाटत असेल, तर तुमच्या पैशांपेक्षा तुमचा वेळच तिथे थेट पोचतो. सदस्यत्वाची फी, मुलाखत, ओळखपत्र असलं काही लागत नाही. एक मोझिला खातं उघडायचं आणि कामाला लागायचं.

तुमच्यासाठी मी मोझिलाची दोन कामं निवडेन: कॉमन व्हॉइस (आवाज गोळा करणं) आणि पॉन्टून (भाषांतर).

कॉमन व्हॉइस हा २०१७ पासून चाललेला आवाजांचा संग्रह आहे. लोक वाक्यं वाचून रेकॉर्ड करतात, दुसरे लोक ती ऐकून तपासतात, आणि तो सगळा साठा सीसी-झीरो परवान्याखाली, म्हणजे कुठलाही हक्क राखून न ठेवता, कुणालाही फुकट वापरता येतो. बोललेलं ओळखणारी यंत्रणा बनवायला असा साठा लागतो. मोठ्या कंपन्यांकडे तो असतो, पण तो त्यांच्याच कुलपात. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते, तरी एखाद्या महाविद्यालयातल्या मुलांना मराठी बोललेलं टाइप करून देणारं ॲप बनवायचं म्हटलं, तर आवाज आणायचे कुठून, इथेच गाडी अडते.

मराठीत हे काम केवळ लिपीवरून भागत नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ म्हणून पाहा. पहिल्यात जीभ टाळूला लागते, दुसऱ्यात दातांमागे. ‘जग’ लिहिलं तर ते पाण्याचं भांडं की अवघी दुनिया, हे लिपी सांगत नाही, उच्चार सांगतो. हा फरक यंत्राला कळायचा असेल तर त्याला ऐकवावाच लागतो, आणि तोही पुण्या-मुंबईच्या चार आवाजांत ऐकवून चालत नाही. वऱ्हाड, खानदेश, मराठवाडा, तळकोकण, बेळगाव, गोवा, सगळीकडचे आवाज हवेत.

आता तपासणीचं. रेकॉर्ड केलेली क्लिप लगेच उपयोगाची होत नाही. दोन जणांनी ऐकून ‘बरोबर’ म्हटलं की ती तपासलेल्या साठ्यात जाते, दोघांनी ‘चूक’ म्हटलं की बाद होते. कुणी ऐकलंच नाही तर ती तशीच पडून राहते. म्हणून तुम्ही शंभर नवी वाक्यं बोललात आणि तपासायला कोणी आलंच नाही, तर तुमची मेहनतही रांगेत थांबते. पहिले दोन आठवडे फक्त ‘ऐका’ या भागात बसा. त्याने दुसरा फायदाही होतो: लोक कुठे चुकतात ते कानावर पडतं, आणि पुढे स्वतः बोलताना त्या चुका टळतात.

ऐकताना हेडफोन लावा. वाक्य आधी डोळ्यांनी पूर्ण वाचा, मग क्लिप लावा, आणि शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय निकाल देऊ नका. लिहिलेलं आणि बोललेलं शब्दाला शब्द जुळलं पाहिजे. ‘मीच जाईन’ असं लिहिलंय आणि ऐकू येतंय ‘मी जाईन’, तर बाद. ‘करतो आहे’चं ‘करतोय’ झालं तरी बाद, जरी आपण रोज तसंच बोलत असलो तरी. सगळ्यात जास्त फसवणारी चूक म्हणजे कापलेलं पहिलं किंवा शेवटचं अक्षर. वाक्य समोर दिसत असल्याने आपला मेंदू ते अक्षर स्वतःच भरून घेतो. शंका आली तर डोळे मिटून पुन्हा ऐका. मागे पंखा, गाडी, कुकरची शिट्टी असेल आणि शब्द स्वच्छ कळत असतील तर चालतं. मागे टीव्हीवर कुणी बोलतंय आणि त्याचे शब्द समजताहेत, तर चालत नाही, कारण यंत्र तेही शब्द वाक्याचेच समजेल.

पण एका बाबतीत हात अगदी सैल ठेवा. ‘पाणी’ला ‘पानी’, ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणणारा माणूस चुकत नाहीये, तो त्याच्या गावचं मराठी बोलतोय. अशी क्लिप ‘अशुद्ध’ म्हणून बाद केलीत, तर उद्या त्याच माणसाचं बोलणं यंत्राला कळणार नाही, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तोच बाहेर राहील. बाद करायचं ते शब्दच माहीत नसल्याने अंदाजाने काहीतरी वाचलेलं. बोलीचा हेल आणि चुकीचं वाचन यांत फरक करणं हे काम मराठी माणसालाच जमेल.

बोलायची वेळ आली की लॉग-इन करून प्रोफाइलमध्ये वय, लिंग आणि बोलीची माहिती भरा. खात्याशिवायही रेकॉर्ड करता येतं, पण मग आवाज कुणाकडचा हे संशोधकांना कळत नाही. वाक्यं पाच-पाचच्या संचात येतात, आणि पाठवण्याआधी कुठलंही पुन्हा रेकॉर्ड करता येतं. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोला, आणि बोलून झाल्यावर तितकंच थांबून बटण दाबा. कापलेल्या अक्षरांचं मूळ बहुतेक वेळा या घाईतच असतं. मोबाइल तोंडापासून वीतभर लांब धरा, नाहीतर ‘फ’ आणि ‘भ’ला माइकवर फुंकर बसते. बातम्या दिल्यासारखं वाचू नका, शेजाऱ्याशी बोलतो तसं वाचा.

एक गोष्ट आधीच समजून घ्या: दिलेला आवाज सार्वजनिक होतो. साठा उतरवून घेणाऱ्याने बोलणारा कोण हे शोधायचं नाही अशी अट असते, तुमचा ईमेलही त्यात जात नाही. पण एकदा लोकांनी साठा उतरवून घेतला की प्रत्येक प्रत परत मागवता येत नाही. हे मान्य नसेल तर फक्त ऐकायचं काम करा, त्याचं मोल जराही कमी नाही. घरातल्या लहान मुलांचा आवाज पालकांच्या संमतीशिवाय देऊ नका.

वाक्यं पुरवायचं कामही तिथेच आहे. वाक्य १५ शब्दांपेक्षा लहान असावं, त्यात आकडे आणि संक्षेप नसावेत. ‘२५ कि.मी.’ लिहिलं तर एक जण ‘किलोमीटर’ वाचेल, दुसरा ‘किमी’. ‘पंचवीस किलोमीटर’ असं अक्षरी लिहा. अक्षरी संख्या मुद्दाम जास्त द्या, कारण आपल्याकडे शंभरापर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा हा स्वतंत्र शब्द आहे. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यंत्राला वेगळे ओळखायचे तर दोन्ही पुष्कळ वेळा ऐकायला हवेत.

इथे सर्वांत मोठी चूक होते ती हक्कांची. वर्तमानपत्रातली वाक्यं उचलता येत नाहीत. विकिपीडियावरचा मजकूर मोफत असला तरी श्रेय देणं आणि त्याच परवान्याखाली ठेवणं अशी त्याला अट आहे, त्यामुळे तोही तुम्ही सीसी-झीरो म्हणून पुढे देऊ शकत नाही. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी लेखन हक्कमुक्त होतं, म्हणजे हरि नारायण आपटे (निधन १९१९) किंवा साने गुरुजी (निधन १९५०) यांचं लेखन चालेल. तरी माझं मत विचाराल तर स्वतःच लिहा. शंभर वर्षांपूर्वीची वाक्यरचना वाचताना लोक अडखळतात, आणि ‘रिक्षा कोपऱ्यावर थांबव’ असलं वाक्य तिथे सापडत नाही.

टायपिंगमध्ये ‘ऱ’कडे लक्ष असू द्या. ‘दऱ्या’मधला र दोन प्रकारे टाइप होतो: टिंबवाल्या ‘ऱ’पासून, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगवेगळे. कॉपी-पेस्टमध्ये ते अदृश्य चिन्ह गळालं की डोंगरातल्या ‘दऱ्या’चा समुद्राचा ‘दर्या’ होतो. टिंबवाला ‘ऱ’च वापरा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून घ्या आणि बदलल्यावर प्रत्येक रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांखालून घाला, कारण नेमक्या त्याच जागा बिघडतात.

आता पॉन्टून. फायरफॉक्स आणि मोझिलाच्या इतर गोष्टींचं भाषांतर या संकेतस्थळावर चालतं. नवीन माणसाचं भाषांतर आधी ‘सूचना’ म्हणून जमा होतं, भाषेच्या गटातल्या अधिकार असलेल्या व्यक्तीने मान्य केल्यावर ते फायरफॉक्समध्ये जातं. इथेही तपासणीचीच रांग. म्हणून मशीनने सुचवलेली तीनशे भाषांतरं एका बैठकीत दाबून मोकळं होऊ नका. मान्यता देणाऱ्याला प्रत्येक ओळ वाचावी लागते, आणि पहिल्या दहांत चार चुका दिसल्या की उरलेल्या वाचायचा हुरूपच जातो. त्यापेक्षा एकच फाइल घ्या, वीस-पंचवीस ओळी नीट करा, आणि मराठी गटाच्या पानावर ज्या व्यवस्थापकांची नावं आहेत त्यांना कळवा. काम स्वच्छ असेल तर पुढे तुम्हालाच मान्यता देण्याचे अधिकार मागता येतात.

मजकुरात महिरपी कंसात काही इंग्रजी शब्द दिसतील. ती रिकामी जागा असते, तिथे नंतर संकेतस्थळाचं नाव किंवा आकडा येतो. त्याला हात लावायचा नाही. मराठीची खरी कसोटी इथेच लागते. आपल्याकडे प्रत्यय लागला की शब्द बदलतो, ‘घोडा’चं ‘घोड्याला’ होतं. कंसात काय येणार हे माहीत नसताना त्याला ‘ला’ चिकटवला, तर कधीतरी ‘घोडाला’ उमटणारच. उपाय म्हणजे वाक्य असं फिरवायचं की कंसातला शब्द मूळ रूपात राहील. ‘अमुकला कॅमेरा वापरू द्यायचा का?’ याऐवजी ‘कॅमेऱ्याची परवानगी मागणारं संकेतस्थळ: अमुक’.

एकवचन आणि अनेकवचनासाठी दोन वेगळे रकाने येतात. ‘टॅब’ दोन्हीकडे सारखाच म्हणून एकच ओळ दोन्हीत डकवू नका, कारण ‘बंद केलेला १ टॅब’ आणि ‘बंद केलेले ५ टॅब’ यांत विशेषण बदलतं. इंग्रजीतला ‘ओपन’ हा शब्द बटणावर असेल तर ‘उघडा’, स्थिती सांगत असेल तर ‘उघडं आहे’. कुठला ते शेजारची विकसकाची टीप वाचल्याशिवाय ठरवू नका. शब्द निवडताना आधी काय वापरलंय ते शोधा. मला स्वतःला ‘जतन करा’पेक्षा ‘सेव्ह करा’ जवळचं वाटतं, पण एका पानावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं, हे दोन्हींहून वाईट.

भाषांतर मान्य झालं की ते पडद्यावर पाहा. त्यासाठी फायरफॉक्स नाइटली ही रोज नवी होणारी आवृत्ती मराठीत उतरवून घ्या आणि तिला वेगळं प्रोफाइल द्या, म्हणजे नेहमीचे पासवर्ड आणि बुकमार्क सुरक्षित राहतील. तुम्ही केलेलं बटण शोधा. मोबाइलवर शेवटचे दोन शब्द कापले जात असतील, तर पॉन्टूनवर परत जाऊन ती ओळ आखूड करा आणि नवी सूचना टाका.