'पाप करवलं' की 'पाप करायला लावलं'?

प्रश्न असा आलाय: 'चर्चमध्ये वाचायला बायबलमधल्या राजांच्या पुस्तकातले काही भाग सोप्या बोली मराठीत लिहून काढतेय. त्यात नबाटाचा मुलगा यराबाम याने इस्राएलाकडून पाप करवलं, अशा अर्थाचं वाक्य पुन्हापुन्हा येतं. करवलं हे कानाला जड वाटतं, त्याऐवजी करायला लावलं असं लिहिलं तर चालेल का?'

ताई, माझं मत विचाराल तर नका बदलू. बाकी कितीही सोपं करा, पंडिता रमाबाईंनी तर थेट हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं भाषांतर केलं तेच मुळी साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून, तेव्हा सोपं करण्यात काहीच चूक नाही, पण या एका क्रियापदात त्या राजाची अख्खी कारकीर्द आहे.

करवलं जड का वाटतं ते आधी सांगते. आजकाल आपण 'करवत' जास्त ऐकतो ते शक्य अर्थाने, म्हणजे 'मला आता एवढं काम करवत नाही', 'जिना चढवत नाही'. दुसरं करवणं, ज्याला शाळेत प्रयोजक क्रियापद म्हणायचे, ते एकटं फारसं येत नाही, 'करवून घेतलं' असं जोडीनेच येतं. म्हणून कान अडखळतो. पण इतर धातूंची प्रयोजक रूपं आपण दिवसभर वापरतो की, बसवणं, हसवणं, भरवणं, झोपवणं.

आता झोपवणंच घ्या. 'तिने बाळाला झोपवलं' म्हटलं की डोळ्यापुढे काय येतं? मांडीवर घेतलंय, थोपटतेय, गुणगुणतेय, दिवा मालवलाय, आणि बाळाच्या पापण्या आपोआप जड होतायत. 'तिने मुलाला झोपायला लावलं' म्हटलं की मूल अजून खेळायचं म्हणत होतं, हिने डोळे वटारले आणि ते नाइलाजाने पांघरुणात शिरलं. झोप तीच पण पहिल्यात सोय करून दिलीय, दुसऱ्यात सक्ती आहे. 'करायला लावणं' दरवेळी जबरदस्तीचंच असतं असं नाही, पण समोरच्याच्या मनाविरुद्ध होतंय ही छटा त्याला चटकन चिकटते.

आणि सक्ती यराबामाने केलीच नाही! सक्ती केली ती त्याच्या आधीच्यांनी. शलमोनाने देऊळ, राजवाडा, कोट बांधले ते वेठीने माणसं राबवून, आणि गंमत नाही, खरंच सांगते, योसेफाच्या घराण्याच्या वेठीवर मुकादम म्हणून नेमलेला माणूस हा यराबामच होता. पुढे राजाचा रोष ओढवून तो मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, तिथल्या शिशक राजाकडे पळाला. शलमोन गेल्यावर, इ.स.पू. ९३०च्या आसपास, लोक शखेमला त्याच्या मुलाकडे, रहबामाकडे गेले, जू हलकं कर म्हणाले, तर त्याने काय उत्तर दिलं, माझ्या बापाने चाबकाने मारलं, मी विंचवांनी मारीन. हे झालं 'करायला लावणं'. त्यावर दहा वंश फुटून निघाले आणि त्यांनी यराबामाला राजा केलं. म्हणजे ज्याला जबरदस्ती आतून माहीत होती आणि तिचा शेवट काय होतो हेही ज्याने पाहिलं होतं असा माणूस गादीवर आला.

त्याला भीती एकच होती, लोक सणावाराला यरुशलेमच्या देवळात जात राहिले तर मन पुन्हा शलमोनाचा बाप दाविद याच्या घराण्याकडे वळणार. मग त्याने बंदी घातल्याचा उल्लेख त्या अध्यायात नाही. तो लोकांना म्हणाला, यरुशलेमला वर जाणं तुम्हाला फार होतंय. किती मायेचं वाक्य आहे बघा. सोन्याची दोन वासरं केली, एक पार उत्तरेला दान इथे आणि एक दक्षिणेला बेथेलला, जे यरुशलेमच्या वाटेवरच, तिथून १५-२० किलोमीटर अलीकडे. सण पण तसाच ठेवला, सातव्या महिन्याच्या १५व्या दिवसाऐवजी आठव्याच्या १५व्या दिवशी, म्हणजे आपल्या भाषेत पौर्णिमा तीच, फक्त महिना पुढे. याजक व्हायचे ते लेवी वंशातले, इथे लेवी नसलेले कोणीही याजक झाले. ही वासरं देव म्हणून नव्हे तर परमेश्वराचं आसन म्हणून ठेवली असावीत असं बरेच अभ्यासक मानतात, आणि पुस्तक लिहिलंय यहूदाच्या, म्हणजे दाविदाच्या घराण्याकडे राहिलेल्या दक्षिणेच्या राज्याच्या, बाजूने हेही खरंच, पण तसं धरलं तरी थोपटणं थोपटणंच राहतं.

हिब्रूतही हे एकाच शब्दात आहे. ख-त-अ हा धातू, साधं रूप 'पाप केलं', आणि हिफील नावाचं प्रयोजक रूप 'पाप करवलं'. या धातूचा एक अर्थ नेम चुकणं असाही आहे, बायबलमधल्याच शास्त्यांच्या पुस्तकात ७०० डावखुरे गोफणवाले केसावर नेम धरला तरी चुकत नसत असं येतं ना, तिथे धातू हाच. आपलंही तसंच, नेम चुकतो, वाट चुकते आणि चूकही होते. मग प्रयोजक 'चुकवलं' का नाही वापरता येत? कारण चुकवणं मराठीत टाळण्याकडे गेलं, शाळा चुकवली, कर चुकवला, नजर चुकवली. म्हणून करवणंच उरतं.

दाविदाशी ताडून बघा. उरीयाची बायको बथशेबा घेतली, मग उरीयाचाच खून, पाप भयंकरच, पण क्रियापद साधं, नाथान संदेष्ट्यापुढे तो म्हणतो मी पाप केलंय. कर्ता तो, भोगणाराही बराचसा तो आणि त्याचं घर. यराबामाने २२ वर्षं राज्य केलं आणि त्याचं करवलेलं पाप पुढे जवळजवळ २०० वर्षं, इ.स.पू. ७२२च्या सुमाराला अश्शूरने राज्य बुडवेपर्यंत, राजामागून राजाच्या नावापुढे लागत राहिलं. पुढचा एक राजा येहू, त्याने बआल या परक्या देवाची पूजा उखडून टाकली तरी वासरं तेवढी ठेवली. जिम्री तर फक्त ७ दिवस राजा होता, राजवाड्याला आग लावून त्यातच मेला, तरी तो यराबामाच्या वाटेने चालला अशी नोंद आहे. मला ही नोंद दरवेळी हलवून जाते, सात दिवसांत माणूस नवीन काय सुरू करणार, आधीचं चालू राहू दिलं एवढंच.

अजून एक, 'इस्राएलाकडून' मधला 'कडून' जपा. 'इस्राएलाला करायला लावलं' केलं की लोक बिचारे सुटतात. 'कडून' मध्ये हात लोकांचेच राहतात, बेथेलला चालत गेले ते तेच.

तेव्हा वाचनात 'यराबामाने इस्राएलाकडून पाप करवलं' असंच ठेवा, आणि वाचणाऱ्याला सांगा 'करवलं'वर जरा थांबून पुढे जा. फारच अवघड वाटलं तर पहिल्यांदा येतं तिथे 'पापाची वाट सोपी करून दिली' अशी एक ओळ जोडा, नंतर मात्र करवलंच राहू द्या, कारण ते वाक्य पुन्हापुन्हा तसंच्या तसं येतं म्हणूनच ऐकणाऱ्याच्या कानात बसतं.