सूनबाई मेफ्लॉवरच्या घराण्यातल्या? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या खेपेला टपालात अमेरिकेतल्या जुन्या घराण्यांचेच प्रश्न जास्त आले आहेत. सुना-जावई तिकडचे, घरं तिकडची, त्यामुळे ते साहजिकच आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे प्रत्येक उत्तरात उगाळायला नको : शोध आजपासून मागे न्यायचा, इंग्रज वसाहतकऱ्यांचं मेफ्लॉवर जहाज अमेरिकेला पोचलं त्या सोळाशे वीसपासून पुढे आणायचा नाही. नावाजलेल्या पूर्वजापासून सुरुवात केली की तो बरोबर आपल्याच दारात येऊन उभा राहतो, कागद असोत वा नसोत.

प्रश्न : ताई, आमची सून कनेटिकटची. तिच्या माहेरचे म्हणतात, आम्ही मेफ्लॉवर जहाजावरून आलेल्या जॉन अल्डनचे वंशज. नातीच्या बारशाला वंशवृक्षाचा फलक करायचा मनात आहे. हे खरं आहे का, ते कसं कळणार? – एक आजी, पुणे

खरं असू शकतं. १६२० मध्ये मेफ्लॉवरवर १०२ प्रवासी होते आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले जवळजवळ निम्मे गेले. पण अल्डन जगला, त्याला दहा मुलं झाली आणि मॅसॅच्युसेट्समधल्या डक्सबरीला त्याचा वंश फोफावला. त्यामुळे त्याचे वंशज आज अक्षरशः गल्लोगल्ली सापडतात. सूनबाईंचं माहेरचं आडनाव अल्डन नसलं तरी बिघडत नाही. वंश लेकींकडूनही येतो आणि बहुतेकांचा तसाच आलेला असतो.

आता गंमत पाहा. हा अल्डन पिंपं बनवणारा कारागीर. जहाजावर सामान भरलं गेलं त्या साउथहॅम्प्टन बंदरात त्याला कामावर घेतलं होतं, ही माहिती वसाहतीचे गव्हर्नर ब्रॅडफर्ड यांनीच लिहून ठेवली आहे. पण त्याचे आईवडील कोण, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. एवढ्या प्रसिद्ध माणसाची ही गत! उलट त्याची बायको प्रिसिला मलिन्स हिचं माहेर कागदोपत्री पक्कं आहे, आणि तेही तिच्या वडिलांच्या मृत्युपत्रामुळे. विल्यम मलिन्स सरे परगण्यातल्या डॉर्किंगचे. १६२१ च्या हिवाळ्यात मरणशय्येवर त्यांनी तोंडी मृत्युपत्र सांगितलं. ते उतरवलं गेलं तेव्हा जहाजाचा कप्तान आणि वैद्य साक्षीला होते. त्यात २१ डझन बूट-जोडे आणि १३ जोड्या उंच बूट यांचा हिशेब आहे. इंग्लंडमध्ये मागे राहिलेला मुलगा आणि लग्न झालेली मुलगी यांचीही नावं आहेत. प्रिसिलाचे आई, वडील, भाऊ तिघेही गेले आणि ती एकटी उरली. पण त्या जोड्यांच्या हिशेबामुळे तिचं गाव आपल्याला ठाऊक आहे. वंशावळीच्या कामात मृत्युपत्राला मी जन्मदाखल्याच्याही वर का ठेवते, ते यावरून लक्षात यावं.

तुमच्या कामाचा क्रम असा. सूनबाईंपासून १८५० पर्यंत मागे जाणं सोपं आहे, कारण त्या वर्षीपासून अमेरिकेच्या जनगणनेत घरातल्या (गुलाम नसलेल्या) प्रत्येकाचं नाव येतं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांची नुसती संख्या. कनेटिकटच्या गावोगावच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी साधारण १८५० पर्यंत ‘बार्बर संग्रह’ नावाच्या सूचीत एकत्र केल्या आहेत, त्या पाहा. दुसऱ्या टोकाला मेफ्लॉवर वंशजांच्या सोसायटीने प्रवाशांच्या पहिल्या पाच पिढ्या पुराव्यानिशी छापल्या आहेत. म्हणजे दोन्ही टोकं बरी आहेत. घोळ होतो तो मधल्या साठ-सत्तर वर्षांत. १७८० नंतर कनेटिकटची तरणी मुलं जमिनीसाठी न्यूयॉर्कच्या वरच्या भागात आणि ओहायोत निघून गेली. कोणता सॅम्युएल कोणत्या सॅम्युएलचा मुलगा, ते तिथेच हरवतं. घरातल्या गोष्टींतही बहुधा याच पिढीवर नुसतं ‘असं म्हणतात’ असतं.

फलक जरूर करा. पण सिद्ध झालेल्या पिढ्यांचीच नावं घाला आणि वर जागा मोकळी ठेवा. नात मोठी होऊन भरील.

प्रश्न : मॅसॅच्युसेट्समध्ये अ‍ॅक्टनला आम्ही जुनं घर घेतलं. दारावर १७२० अशी पाटी आहे. मूळ मालक कोण होते, कुठून आले, हे शोधता येईल का? – एक वाचक, अ‍ॅक्टन

येईल, आणि मजा येईल. घराचा शोध माणसांच्या शोधापेक्षा पुष्कळदा सरळ जातो, कारण माणसं गाव सोडतात, जमीन सोडत नाही.

पहिली गोष्ट, १७२० साली अ‍ॅक्टन नव्हतंच. ते १७३५ मध्ये काँकर्डपासून वेगळं झालं. म्हणून त्याआधीचे जन्म, लग्नं, जमिनीची वाटणी, सगळं काँकर्डच्या दप्तरात शोधायचं. ‘अ‍ॅक्टनमध्ये नोंद नाही’ म्हणून शोध सोडून देणारे मी कितीतरी पाहिले आहेत.

खरेदीखतं मात्र तुमच्याकडे गावाच्या कचेरीत नसतात, काउंटीच्या रजिस्ट्रीत असतात. तुमची मिडलसेक्स काउंटी, आणि तिची जुनी पुस्तकं केंब्रिजला आहेत. (शेजारच्या कनेटिकट आणि ऱ्होड आयलंडमध्ये उलटं, तिथे गावोगावच्या क्लार्ककडे.) आपल्याकडे सातबाऱ्यावरून फेरफार काढत मागे जातात, तसंच इथे तुमच्या खतावरून विकणाऱ्याचं नाव घ्यायचं, त्याने कधी विकत घेतलं ते खत काढायचं, मग त्याच्या आधीचं. एकोणिसाव्या शतकापर्यंत भराभर जाल. पुढे साखळी तुटेल. कारण वडिलांकडून मुलाकडे गेलेल्या जमिनीचं खत बऱ्याचदा झालेलंच नसतं. तिथे रजिस्ट्री सोडून प्रोबेट कोर्टाच्या, म्हणजे मृत्युपत्रं आणि वारसा पाहणाऱ्या कोर्टाच्या, फायली धरायच्या.

जुन्या खतांतली चतुःसीमा वाचायला सवय लागते. ‘ओढ्याकाठच्या खूण केलेल्या पांढऱ्या ओकपासून पूर्वेला चाळीस रॉड, दगडांच्या राशीपर्यंत, तिथून अमक्याच्या जमिनीला लागून’ अशा धाटणीचा मजकूर असतो. रॉड म्हणजे साडेसोळा फूट. ओक कधीच पडला असेल, पण दगडी कुंपण बहुधा अजून तुमच्या मागच्या रानात असेल. खरं मोल आहे ते लगतदारांच्या नावांना. जमिनीचा मालक बदलतो तेव्हा शेजारी तोच राहतो, आणि शेजारी हा पुष्कळदा मेहुणा किंवा सासरा निघतो.

प्रोबेटच्या फायलीत विधवेचा तिसरा हिस्सा पाहायला विसरू नका. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर बायकोला हयातीपुरता स्थावराचा एक तृतीयांश भाग मिळे. थोरल्या मुलाला इतरांच्या दुप्पट वाटा मिळे. हा हिस्सा मोजायला कोर्ट शेजारपाजारच्या माणसांना नेमे, आणि ती माणसं खोल्या वाटून देत : पूर्वेकडची खालची खोली, तळघराचा अमुक कोपरा, विहिरीवर आणि भट्टीपाशी जायची वाट. अशा एका कागदावरून दोनअडीचशे वर्षांपूर्वीच्या घराचा नकाशा काढता येतो, आणि सासू-सुनेचं किती जमत होतं याचा अंदाजही करता येतो!

आता पाटीबद्दल. पाटीवरच्या सालावर माझा चटकन विश्वास बसत नाही. पुष्कळदा ते जमीन घेतल्याचं साल असतं, घर बांधल्याचं नव्हे. १७९८ च्या केंद्रीय करासाठी घरांची यादी झाली होती : मालक, मजले, चौरस फूट, खिडक्या किती. मॅसॅच्युसेट्सच्या त्या याद्या बॉस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटीकडे आहेत. खिडक्या जुळल्या तर निदान १७९८ ला हेच घर उभं होतं इतकं तरी म्हणता येतं. त्यापुढे जायचं तर तुळयांच्या लाकडातली वर्षवलयं मोजून घ्यावी लागतात. डेडॅमच्या फेअरबँक्स घराचं वय असंच ठरवलं गेलं.

आणि मालकांची यादी १७२० ला थांबवू नका. तुमच्या शेजारचं लिटलटन म्हणजे पूर्वीचं नशोबा. जॉन एलियट या धर्मोपदेशकाच्या खटपटीने १६५४ मध्ये वसवलेलं ख्रिस्ती झालेल्या मूळ रहिवाशांचं गाव. इंग्रज वसाहतवाले आणि मूळ रहिवासी यांच्यातल्या १६७५-७६ च्या युद्धात तिथल्या लोकांना हलवून बॉस्टनच्या बंदरातल्या डीअर बेटावर नेऊन ठेवलं. त्यांतले बरेच उपासमारीने आणि थंडीने मेले. आपल्या घराच्या पहिल्या ‘मालका’कडे जमीन कशी मोकळी झाली, या प्रश्नाचं उत्तर त्या भागात पुष्कळदा इथे येऊन पोचतं.

प्रश्न : एका जुन्या नोंदीत जन्मतारीख ‘११ फेब्रुवारी १७३१/३२’ अशी आहे. लिहिणाऱ्याला साल ठाऊक नव्हतं का? – एक विद्यार्थी, नाशिक

चांगलं ठाऊक होतं. इंग्रजी मुलखात १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागे. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे बहुतेक दिवस जुन्या हिशेबाने १७३१ मध्ये, आपल्या हिशेबाने १७३२ मध्ये. शिवाय १७५२ साली २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. तुम्ही दिलेली तारीख जॉर्ज वॉशिंग्टन यांचीच आहे, म्हणून आज त्यांचा जन्मदिवस २२ फेब्रुवारी १७३२ सांगतात. क्वेकर पंथीयांच्या वहीत ‘पहिला महिना’ दिसला तर १७५२ पूर्वी तो मार्च समजा. नाहीतर लग्नाआधीच मूल झाल्याचा नाहक आळ पूर्वजांवर घ्याल.

प्रश्न : जावयाचं घराणं व्हर्जिनियातल्या हॅनोव्हर काउंटीचं. तिथलं दप्तर जळालं म्हणून सगळे हात वर करतात. – एक वाचक, ठाणे

जळालं हे खरं. अमेरिकेच्या यादवी युद्धात सुरक्षित राहावं म्हणून काही काउंट्यांनी आपली पुस्तकं रिचमंडला पाठवली होती, आणि एप्रिल १८६५ मध्ये रिचमंडच पेटलं. हॅनोव्हरचं बरंच दप्तर त्यात गेलं.

पण चर्चची वही वाचली. हॅनोव्हरच्या सेंट पॉल पॅरिशची १७०६ ते १७८६ ची व्यवस्थापन-वही छापून निघाली आहे. तिच्यात बाप्तिस्मे शोधू नका, हद्दीची फेरी शोधा. व्हर्जिनियात दर चार वर्षांनी शेजाऱ्यांनी मिळून जमिनींच्या हद्दी पायी फिरायच्या, खुणा ताज्या करायच्या, आणि कोण हजर होतं ते चर्चला कळवायचं, असा कायदा होता. त्या याद्या ओळीने लावल्या की कुणाची जमीन कुणाच्या शेजारी, बाप जाऊन मुलगा कधी आला, हे दिसायला लागतं. जोडीला १७८२ पासूनच्या कर-याद्या आणि व्हर्जिनियाच्या राज्य ग्रंथालयातली जमिनीची मूळ सनदपत्रं पाहा.

सनदांबद्दल एक सावधगिरी. जो माणसाचा बोटीचा खर्च करील, त्याला दर माणशी ५० एकर मिळत. म्हणून सनदेखाली माणसांची नावं असतात. पण ते हक्क विकले जात, वर्षानुवर्षं पडून राहत, कधी एकच नाव दोनदा वापरलं जाई. तेव्हा सनदेचं साल म्हणजे आगमनाचं साल नव्हे. अशाच एका यादीत, १६३५ साली जॉर्ज मेनिफी नावाच्या जमीनदाराच्या सनदेखाली, ‘टोनी, ईस्ट इंडियन’ असं नाव आहे. आपल्या देशाकडचा माणूस तिथे इतक्या लवकर पोचला होता, आणि त्याची खूण उरली ती दुसऱ्याच्या पन्नास एकरांपोटी.

जावयांच्या पूर्वजांकडे गुलाम असण्याचा संभव मोठा आहे. मृत्युपत्रांत आणि मालमत्तेच्या याद्यांत त्यांची नावं येतील. ती गाळू नका, सालासकट उतरवून ठेवा. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नावंच घेतली नव्हती, त्यामुळे त्यांच्या वंशजांना माग लागतो तो अशाच कागदांतून.

प्रश्न : एका संकेतस्थळावर आमच्या विहीणबाईंचं कुळ थेट शार्लमेन राजापर्यंत गेलंय, राजचिन्हासकट. डीएनए चाचणी केली तर पक्कं होईल ना? – एक वाचक, न्यू जर्सी

नाही. दहा पिढ्या मागे वंशवृक्षात १०२४ जागा असतात, आणि त्यांतल्या कित्येकांचा डीएनए तुमच्यात उरलेलाच नसतो. चाचणी चुलत भावंडं शोधायला उत्तम, राजे शोधायला नाही. राजचिन्ह आडनावाला नसतं, एका माणसाला दिलेलं असतं. आणि त्या वृक्षाखाली गुस्ताव अँजू हे नाव आधार म्हणून दिसलं तर तिथेच थांबा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या गृहस्थाने श्रीमंत अमेरिकनांना पैसे घेऊन बनावट वंशावळी करून दिल्या. त्या आजही एकमेकांच्या झाडांवरून उतरवल्या जातात.

प्रश्न : सावित्रीबाई फुले नगरला ज्यांच्याकडे शिकल्या त्या सिंथिया फरार बाईंचं मूळ घराणं शोधायचं आहे. सुरुवात कुठून करू? – एक शिक्षिका, अहिल्यानगर

फार छान विषय. फरार बाईंचा जन्म १७९५ चा, न्यू हॅम्पशरमधल्या मार्लबरोचा. १८२७ मध्ये त्या मुंबईला आल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेची कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. त्यात उमेदवारांचे अर्ज आणि शिफारशीही आहेत, म्हणून पहिली चौकशी तिथे करा.

मार्लबरोला आधी ‘मोनॅडनॉक क्रमांक ५’ एवढंच नाव होतं. १७६० मध्ये कॅनडातली फ्रेंच सत्ता मोडली, हल्ल्यांची भीती गेली आणि मॅसॅच्युसेट्समधली कुटुंबं या डोंगराळ भागात सरकली. तेव्हा फरार बाईंच्या आजोबा-पणजोबांचं गाव बहुधा मॅसॅच्युसेट्समध्ये निघेल. तिथे लँकेस्टरला सतराव्या शतकात फरार आडनावाची माणसं होती. पण आडनाव जुळलं म्हणून नातं जोडू नका. त्यापेक्षा घराण्यातल्या ज्या पुरुषाने मार्लबरोला पहिली जमीन घेतली त्याचं खरेदीखत काढा. १७७१ नंतरचं असेल तर कीनला चेशर काउंटीच्या रजिस्ट्रीत, त्याआधीचं असेल तर प्रांताच्या दस्तांत. खतात विकत घेणाऱ्याच्या नावापुढे तो त्या वेळी कोणत्या गावी राहत होता ते लिहिलेलं असतं. ते गाव हाती लागलं की पुढचं पत्र मला पाठवा.